मिडवे : खुर्च्या, बिल्ले आणि उघडी खतावणी

कॅलिफोर्निया राज्याच्या दक्षिण टोकाला सॅन डिएगो हे बंदर आहे. उपसागराच्या काठाने चालत गेले असता मासेमारी नौका, पर्यटकांच्या बोटी आणि उपाहारगृहे यांच्या रांगेत एकाएकी राखाडी रंगाची एक प्रचंड भिंत समोर येते. जवळ गेल्यावर कळते की ती भिंत नसून ‘यूएसएस मिडवे’ या विमानवाहू नौकेची बाजू आहे. पलीकडच्या तीरावर नॉर्थ आयलंड हा नौदलाचा हवाई तळ दिसतो. १९११ साली ग्लेन कर्टिस या विमानरचनाकाराने तेथेच उड्डाणशाळा काढली आणि अमेरिकी नौदलाचा पहिला वैमानिक तयार केला. समुद्र आणि आकाश या दोहोंशी या गावाचे नाते त्यामुळे शतकाहून जुने आहे.

मिडवे आरमारात दाखल झाली ती १० सप्टेंबर १९४५ रोजी. जपानने शरणागतीपत्रावर सही करून तेव्हा आठ दिवस झाले होते. ज्या युद्धासाठी नौका बांधली, ते संपल्यावर ती तयार झाली. पण पुढील ४७ वर्षे तिला काम कमी पडले नाही. व्हिएतनामचे युद्ध तिने पाहिले आणि १९९१ चे आखाती युद्धही. १९५५ पर्यंत ती जगातील सर्वांत मोठी युद्धनौका होती आणि तिच्या रुंदीमुळे पनामा कालव्यातून तिला कधीच जाता आले नाही. ११ एप्रिल १९९२ रोजी ती निवृत्त झाली. जून २००४ पासून ती सॅन डिएगोच्या नेव्ही पिअर या धक्क्याला संग्रहालय म्हणून उभी आहे.

येणारा बहुतेक प्रवासी प्रथम वरच्या उड्डाणपट्टीकडे धावतो, कारण विमाने तेथे आहेत आणि छायाचित्रेही तेथेच चांगली निघतात. परंतु या नौकेचे मन जेथे कळते, ती जागा खाली, पोलादी बोळांच्या जाळ्यात आहे. तेथे जाण्यासाठी उभे जिने उतरावे लागतात आणि प्रत्येक दारातील गुडघाभर उंचीचा उंबरठा ओलांडावा लागतो. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांनी हा भाग सावकाश पाहावा, पण चुकवू मात्र नये. या बोळांच्या कडेला ‘रेडी रूम’ नावाच्या खोल्या आहेत. वैमानिकांची तयारीची, प्रतीक्षेची, विश्रांतीची आणि हिशेबाची अशी ही एकच जागा.

खोली पाहताच एखाद्या जुन्या लहान चित्रपटगृहाची आठवण व्हावी. सर्वांची तोंडे एकाच दिशेला, उंच पाठीच्या, जाड गादीच्या खुर्च्यांच्या रांगा. प्रत्येक खुर्चीला लिहिण्यासाठी घडीची फळी आणि बैठकीखाली कागदपत्रे ठेवण्यास खण. डोक्याशी येणाऱ्या भागावर कापडी आवरण, त्यावर स्क्वॉड्रनचे रंग आणि चिन्ह. पहिली रांग पथकप्रमुख व ज्येष्ठ अधिकाऱ्यांची. नव्याने आलेला वैमानिक मागे. समोर फळा, नकाशे आणि एका बाजूला त्या दिवसाच्या कामकाज अधिकाऱ्याचे टेबल. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील विमानवाहू नौकांवर वातानुकूलित जागा फारच थोड्या असत, त्यांत रेडी रूमचा क्रमांक पहिला. उड्डाणाचा पेहराव अंगावर चढवून तासन्‌तास आज्ञेची वाट पाहणाऱ्यांना ती सोय ऐषारामाची नव्हती. रात्रीच्या उड्डाणापूर्वी येथे तांबडे दिवे लावीत, कारण पांढऱ्या प्रकाशातून थेट काळोखात गेलेल्या डोळ्यांना काही काळ दिसत नाही.

पुढील काळात खोलीत दूरचित्रवाणीचा संच आला. तो करमणुकीसाठी नव्हता. उड्डाणपट्टीच्या मध्यरेषेत बसवलेल्या कॅमेऱ्यातून, उतरू पाहणारे प्रत्येक विमान या पडद्यावर दिसे, तेही एकाच वेळी सगळ्या रेडी रूम्समध्ये. आपल्या सोबत्याचे विमान उभ्या-आडव्या रेषांच्या छेदावर स्थिर आहे की डगमगते आहे, हे खुर्चीत बसलेले सगळे पाहत असत.

येथे उतरणे म्हणजे काय, हे थोडे समजून घेतले पाहिजे. जमिनीवरील धावपट्टी मैल-दीड मैल लांब असते आणि जागची हलत नाही. नौकेची पट्टी तिच्या मानाने तोकडी; ती पुढे सरकते, वर उचलली जाते, खाली बसते. पट्टीवर आडव्या पोलादी तारा ताणलेल्या असतात आणि विमानाच्या शेपटाखालच्या आकड्यात त्यांपैकी एक तार अडकली तरच विमान थांबते. त्यामुळे चाके टेकताच वैमानिक इंजिनाची शक्ती कमी करीत नाही, उलट पूर्ण वाढवतो. तार हुकलीच तर पट्टी संपण्यापूर्वी पुन्हा हवेत जाता यावे म्हणून. थांबण्यासाठी वेग वाढवायचा, असा हा उफराटा व्यवहार आहे.

पट्टीच्या कडेला उभे राहून दुसरे अनुभवी वैमानिक प्रत्येक उतरण्याचे निरीक्षण करतात आणि त्याला श्रेणी देतात. त्यांच्या वहीत सांकेतिक लघुलिपीत नोंद होते : सुरुवातीला उंची जास्त, मध्ये वेग कमी, शेवटी थोडे डावीकडे. मग ते खाली उतरून एकेका रेडी रूममध्ये जातात आणि ज्याची त्याला नोंद वाचून दाखवतात. एकट्याला बाजूला घेऊन नव्हे, तर साऱ्या पथकासमोर. भिंतीवरील फलकावर प्रत्येकाच्या नावापुढे त्या दिवसाचा रंग चढतो. उत्तम उतरण्याला हिरवा, बऱ्यापैकी असेल तर पिवळा, सदोष पण कसेबसे निभावलेल्याला तपकिरी. तार हुकून पुन्हा उडावे लागले तर निळा. धोका पाहून उतरूच दिले नाही तर तांबडा. पथकप्रमुखाची ओळही त्याच फलकावर असते आणि त्याच रंगांनी भरते.

व्यापारी पेढीवर वाढलेल्या वाचकाला या फलकाचे मर्म पटकन उमगेल. रोजकीर्द रोज लिहिली गेली, खतावणी सर्व भागीदारांना खुली राहिली आणि थोरल्या मालकाची उचलही तिच्यात दिसली, की पेढीत कुजबूज राहत नाही. लपवलेली चूक व्याजासह परत येते. येथे ते व्याज जिवाने भरावे लागते. या फलकामुळे वैमानिक एकमेकांचे वैरी होत असतील असे बाहेरच्याला वाटते. तशी ईर्षा असतेच. मोहिमेअखेर सर्वोत्तम श्रेणी मिळवणाऱ्याचा गौरवही होतो. पण मुख्य काम वेगळे आहे. कोण थकला आहे, कोणाचा आत्मविश्वास ढळला आहे, कोणाला एक-दोन रात्री खाली ठेवावे, हे त्या रंगांच्या ओळीवरून दिसते. एका ओळीत तांबडे वाढू लागले तर ती बाब एकट्या माणसाची राहत नाही.

इतका कठोर हिशेब जेथे रोज होतो, तेथे थट्टाही तितकीच मोकळी असते. रेडी रूममध्ये कॉफीचे भांडे सदा गरम, भिंतीला खुंट्यांवर प्रत्येकाचा चिन्हांकित पेला, संध्याकाळी चित्रपट आणि मक्याच्या लाह्या. वैमानिकाचे टोपणनावही येथेच ठरते. ते स्वतः निवडता येत नाही. आडनावावरून केलेल्या कोटीतून किंवा एखाद्या फजितीतून ते जन्मते आणि जो जितका नाराज होईल तितके ते घट्ट चिकटते. चित्रपटांतील शौर्यदर्शक टोपणनावे त्या मानाने फारच सोज्वळ म्हणावी लागतील.

आता त्या कापडी बिल्ल्यांकडे वळावे. अमेरिकी नौदलात त्यांना ‘पॅच’ म्हणतात. साधारण तळहाताएवढा, जाड धाग्याने भरलेला हा तुकडा वैमानिकाच्या पेहरावावर छातीशी किंवा बाहीवर असतो. पूर्वी तो शिवून टाकीत. हल्ली चिकटपट्टीने लावतात. हेच चिन्ह विमानावर, खुर्चीवर, पेल्यावर आणि दारावर.

या रिवाजाचे मूळ शोधत गेल्यास पहिल्या महायुद्धातील फ्रान्समध्ये पोहोचता येते. १९१६ साली फ्रेंच सैन्यात अमेरिकी स्वयंसेवकांचे ‘लाफायेत’ नावाचे वैमानिक पथक उभे राहिले. आपली विमाने ओळखू यावीत म्हणून त्यांनी त्यांवर पिसांचे शिरोभूषण घातलेल्या आदिवासी योद्ध्याचे मस्तक रंगवले. हे चित्र आले कोठून? सॅव्हेज आर्म्स या अमेरिकी शस्त्रकंपनीच्या दारूगोळ्याच्या पेट्यांवरील छापावरून. म्हणजे एका गाजलेल्या युद्धचिन्हाचा उगम चक्क मालाच्या खोक्यावरील मार्क्यात आहे! मालाची ओळख पटवणारा छाप माणसांची ओळख झाला, याचे नवल व्यापारी घरांना इतरांपेक्षा कमी वाटावे. तेथे घराण्याचे नाव आणि मालाचा मार्का हे पूर्वीपासून एकच असत.

दुसऱ्या महायुद्धात तर या चिन्हांचा पूर आला. वॉल्ट डिस्नेच्या चित्रसंस्थेकडे पथकांकडून विनंतीपत्रे येऊ लागली आणि तेथील चित्रकारांनी सुमारे १,२०० चिन्हे काढून दिली, तीही एक पैसा मोबदला न घेता. त्यांत सर्वाधिक मागणी होती डोनाल्ड डकला. चिडखोर, हट्टी आणि पडूनही पुन्हा उठणारे ते बदक सैनिकांना आपलेसे वाटले असावे. विशी-बाविशीतली मुले मृत्यूच्या तोंडावर उभी होती आणि त्यांच्या छातीवर बालचित्रपटातील बदक होते, हा विरोध आज चित्र पाहताना मनात राहतो.

स्क्वॉड्रनचे अधिकृत चिन्ह नौदलाच्या वरिष्ठ कार्यालयाकडून मंजूर व्हावे लागते. त्याखेरीज मोहिमांचे, उड्डाणतासांचे आणि उतरण्यांच्या संख्येचे बिल्ले वेगळे. एकाच नौकेवर तारेत अडकून शंभर वेळा उतरलेल्या वैमानिकाला ‘सेंच्युरियन’ म्हणतात आणि तो बिल्ला तो अभिमानाने लावतो. १९७३ पासून १९९१ पर्यंत मिडवेचे घर जपानमधील योकोसुका बंदर होते. त्या काळातील अनेक बिल्ले जपान, फिलिपिन्स आणि थायलंडमधील लहान दुकानांत भरले गेले. आपण भरत असलेला वाघ, गरुड वा कवटी कोणाच्या छातीवर जाणार, तो माणूस परतणार की नाही, हे तेथील कारागिरांना ठाऊक नसे. त्यांच्या हातचे टाके आज संग्राहक भिंगाखाली तपासतात. कारागीर मात्र निनावीच राहिले.

बिल्ला आठवण ठेवतो, तसाच तो विसरतोही. १९८६ च्या अखेरीपासून मिडवेवर ‘डॅमबस्टर्स’, म्हणजे धरणफोडे, या नावाचे १९५ क्रमांकाचे पथक होते. त्यांचे मूळ नाव ‘टायगर्स’. कोरियन युद्धात, १ मे १९५१ रोजी, ‘प्रिन्स्टन’ नौकेवरून निघालेल्या स्कायरेडर विमानांनी ह्वाचॉन धरणाचे दरवाजे टॉर्पेडोंनी फोडले, तेव्हापासून नवे नाव पडले. त्याआधी ब्रिटनच्या ६१७ क्रमांकाच्या पथकाने १६-१७ मे १९४३ च्या रात्री जर्मनीतील धरणे फोडली होती. त्या पथकाच्या चिन्हात फुटलेले धरण आणि विजेच्या रेषा आहेत. खाली फ्रेंच भाषेतील बोधवाक्य, ज्याचा अर्थ ‘माझ्यामागून जलप्रलय’. त्या रात्री गेलेल्या १३३ वैमानिकांपैकी ५३ जण मृत्यू पावले आणि त्यांच्या धैर्याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु धरणाखालच्या दरीत त्या पाण्याने हजाराहून अधिक माणसे बुडाली. त्यांत रशिया व युक्रेनमधून वेठबिगारीसाठी पकडून आणलेल्या शेकडो स्त्रिया होत्या. जर्मनीच्या शत्रूंच्याच लेकी. तळहाताएवढ्या कापडावर त्यांना जागा होणे शक्य नव्हते. म्हणून बिल्ला पाहणाऱ्याने त्याच्या कडेबाहेरचेही पाहावे, एवढीच अपेक्षा.

रेडी रूममधील खुर्च्यांची दुसरी बाजूही आहे. नौकेला ज्या लढाईचे नाव दिले, त्या मिडवे बेटाच्या लढाईत, ४ जून १९४२ रोजी, ‘हॉर्नेट’ नौकेवरील आठव्या टॉर्पेडो पथकाची १५ विमाने जपानी ताफ्यावर चालून गेली. एकही परतले नाही. तीस जणांपैकी जॉर्ज गे हा एकटा तरंगत राहून वाचला. चित्रपट दिग्दर्शक जॉन फोर्ड यांनी पुढे त्या तरुणांच्या उपलब्ध चित्रणातून काही मिनिटांचा एक लहान चित्रपट जोडला आणि मृतांच्या घरी पाठवला. चित्रपटगृहांसाठी तो नव्हताच. सकाळी भरलेल्या खोलीत संध्याकाळी तितक्याच खुर्च्या असतात, पण माणसे नसतात. हे दृश्य त्या दिवसानंतर अनेक नौकांवरील अनेक रेडी रूम्सनी पाहिले.

मिडवेच्या वैमानिकांनी व्हिएतनाममध्ये १७ जून १९६५ रोजी मिग विमाने पाडली. अमेरिकेच्या खात्यावरील त्या युद्धातील ती पहिली निर्विवाद नोंद मानली जाते. शेवटचे मिगही, १२ जानेवारी १९७३ रोजी, याच नौकेवरील १६१ क्रमांकाच्या पथकाने पाडले. अशी नोंद विमानावर रंगवण्याची रीत आहे. परंतु या नौकेचा सर्वांत मोठा दिवस त्यानंतर दोन वर्षांनी आला आणि त्या दिवशी एकही गोळी झाडली गेली नाही.

एप्रिल १९७५ च्या अखेरीस सायगाव पडत होते. मिडवेवरची निम्मी विमाने उतरवून तेथे निर्वासितांसाठी हेलिकॉप्टरे आणली होती आणि पट्टी त्यांनी व पळून आलेल्या दक्षिण व्हिएतनामी हेलिकॉप्टरांनी भरून गेली होती. अशा वेळी दोन आसनांचे एक इवलेसे ‘बर्ड डॉग’ विमान नौकेभोवती घिरट्या घालू लागले. त्यात मेजर बुआंग ली, त्यांची पत्नी आणि पाच मुले होती. विमानाला पकडणारा आकडा नव्हता. त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या, त्या वाऱ्याने समुद्रात गेल्या. शेवटी पिस्तुलाच्या चामडी म्यानात घालून टाकलेली चिठ्ठी पट्टीवर पडली. जागा करून द्या, मी उतरू शकेन, असा तिचा आशय होता.

नौकेचे कप्तान लॉरेन्स चेंबर्स हे विमानवाहू नौकेचे नेतृत्व करणारे पहिले कृष्णवर्णीय अमेरिकी अधिकारी. मेजरला समुद्रात उतरायला लावणे हा सोपा मार्ग होता, पण मग मुले वाचली नसती. चेंबर्स यांनी पट्टीवरील हेलिकॉप्टरे समुद्रात ढकलण्याची आज्ञा दिली. लाखो डॉलरांचा सरकारी माल हातांनी रेटून पाण्यात गेला. याबद्दल आपल्यावर लष्करी खटला होऊ शकतो, याची जाणीव त्यांना होती. आडव्या तारा काढून घेतल्या, नौका वाऱ्याच्या तोंडाला वळवून वेग वाढवला, आणि पावसाळी हवेत ते विमान उतरले, उसळले, सरकत जाऊन थांबले. भोवतालच्या खलाशांनी जल्लोष केला. पुढे त्या कुटुंबाला अमेरिकेत संसार मांडता यावा म्हणून नौकेवरील लोकांनी आपापसांत वर्गणीही काढली. चेंबर्स यांच्यावर खटला झाला नाही. ते पुढे रिअर ॲडमिरल झाले. मूळ विमान आज फ्लोरिडा राज्यात, पेन्साकोला येथील नौदल हवाई संग्रहालयात आहे. पाडलेल्या विमानाची खूण रंगवण्याची रीत पडली, वाचवलेल्या विमानाची पडली नाही, हे मात्र खटकते.

संग्रहालयातून बाहेर पडताना दुकान लागते आणि तेथे बिल्ले विकत मिळतात. १९८६ च्या ‘टॉप गन’ या चित्रपटाने, ज्यातील वैमानिक-शाळा तेव्हा सॅन डिएगोतच मिरामार येथे होती, बिल्ले लावलेले चामडी जाकीट जगभर नेले. त्याच्या पुढील भागाच्या २०१९ मधील जाहिरातचित्रात नायकाच्या जाकिटावरील एका जुन्या बिल्ल्यातले जपान व तैवानचे ध्वज बदललेले दिसले, तेव्हा चिनी भांडवलाला खूश करण्यासाठी इतिहास पुसला, असा गदारोळ उठला. २०२२ मध्ये प्रदर्शित चित्रपटात ध्वज परत आले. शंभर उतरण्यांचा बिल्ला दुकानातून घेऊन पाठपिशवीवर लावण्यास कोणाचाही प्रतिबंध नाही. तरीही ज्याने तो कमावला तो माणूस शेजारून जाताना क्षणभर त्याकडे पाहतो. हे संग्रहालय दाखवणारे कित्येक स्वयंसेवक निवृत्त नौसैनिक आहेत, तेव्हा असा माणूस येथे सहज भेटतो.

मराठी प्रवाशाला मिडवेवर आणखी एक आठवण होते. अशीच एक विमानवाहू नौका मुंबईलाही संग्रहालय म्हणून उभी होती. १९६१ साली भारतीय नौदलात आलेली ‘विक्रांत’ १९९७ मध्ये निवृत्त झाली. काही वर्षे लोकांनी ती पाहिली, मुलांना दाखवली. २०१२ मध्ये सुरक्षेच्या कारणाने ती बंद झाली आणि २०१४ नंतर भंगारात तुटली. तिच्या पोलादाचा काही अंश वितळवून बजाजच्या ‘व्ही’ मोटारसायकलीत घातला गेला. १९७१ च्या युद्धात तिच्यावरून उडालेल्या सी हॉक विमानांच्या वैमानिकांनी ज्या खोलीत वाट पाहिली, ती खोली आता कोणालाही पाहता येणार नाही.

त्या पथकाचे चिन्ह मात्र टिकले. ३०० क्रमांकाचे ते पथक, ‘व्हाइट टायगर्स’, १९६० साली सी हॉक विमानांसह ब्रिटनमध्ये उभे राहिले. १९८३ पासून त्याच्याकडे सी हॅरिअर आली आणि २०१६ मध्ये मिग-२९के. गोव्यात दाभोळी विमानतळाजवळ, बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचे हवाई संग्रहालय आहे. तेथे सी हॉक आणि सी हॅरिअर ही पांढऱ्या वाघाच्या पथकाने उडवलेली दोन्ही जातींची विमाने पाहता येतात. सुट्टीत गोव्याला जाणाऱ्या कुटुंबांनी समुद्रकिनाऱ्यावरून दोन तास काढले तरी पुरतात.